शेजारच्या शेडशी सावड: प्रतिस्पर्ध्याबरोबर काम करण्याची व्यवहारी पद्धत

भोसरी एमआयडीसीत एका गाळ्यातलं सीएनसी (संगणकाने चालणारं) मशीन आठवड्यातले दोन दिवस नुसतं उभं असतं. तीन गाळे सोडून दुसरा मालक त्याच मापाचं काम घेऊन आलेल्या पार्टीला "पुढच्या महिन्याशिवाय जमणार नाही" म्हणून परत पाठवतो. पार्टी चाकणला जाते आणि तिकडेच रमते. दोघं मालक रोज एकाच टपरीवर चहा घेतात, पावसापासून राजकारणापर्यंत सगळं बोलतात, फक्त धंद्याचं बोलत नाहीत. कारण समोरचा 'कॉम्पिटिटर' आहे.

शेतात ही अडचण कधीच सोडवली गेली आहे. सावडीत आज माझ्या रानात तुम्ही, उद्या तुमच्या रानात मी. इर्जिक घातली की सगळ्यांचे नांगर एका दिवशी एकाच्या वावरात, आणि जेवण त्याच्या घरचं. पेरणीच्या दिवसांत हेच शेजारी मजुरांसाठी आणि पुढे बाजारभावासाठी एकमेकांशी झुंजत असतात. तरी सावड टिकते, कारण कोणाचे किती दिवस झाले हे दोन्ही घरांना तोंडपाठ असतं. शहरातल्या धंद्यात सावड मोडते ती बहुतेक वेळा हा हिशेब कोणी ठेवत नाही म्हणून. गिऱ्हाईक पळवण्याची भीती सगळ्यांना असते, पण प्रत्यक्षात संबंध तुटतात ते उशिरा मिळालेल्या पैशावरून आणि रिजेक्ट झालेल्या मालावरून. पुढची सगळी पद्धत या दोन गोष्टी आधीच बांधून घेण्यासाठी आहे.

आधी स्वतःची वही

कोणाशी बोलण्याआधी तीन महिने एक साधी वही ठेवा. त्यात चारच रकाने हवेत: नाकारलेलं काम, ते नाकारण्याचं कारण, त्याची अंदाजे रक्कम, आणि त्या दिवशी आपल्याकडे रिकामं काय होतं. 'कारण' या रकान्यात 'जमलं नाही' असं लिहू नका. मशीन भरलेलं होतं, मशीनच नव्हतं, माल मिळाला नाही, माणूस नव्हता, की नग फार कमी होते, हे नेमकं लिहा. तीन महिन्यांनी वही उघडली की आपल्याला प्रतिस्पर्ध्याकडून काय हवं आहे आणि त्याला काय देता येईल हे कळतं. वहीत एकच कारण सारखं येत असेल तर तिथूनच सुरुवात करावी. काहीच सारखं येत नसेल, तर तूर्त सहकार्याची गरज नाही, आणि तेही कळलेलं बरं.

तासाचा हिशेब

प्रतिस्पर्ध्याचं काम कोणत्या दराला घ्यायचं किंवा त्याला कोणत्या दराने द्यायचं, यावर बोलणी अडतात. आपल्या तासाचा खर्च माहीत नसेल तर दोघंही अंदाजाने बोलतात आणि नंतर दोघांनाही फसल्यासारखं वाटतं. एक उदाहरण धरू. आकडे समजण्यापुरते आहेत, आपले घालावेत.

सीएनसी टर्निंगचं (कातकामाचं) मशीन २२ लाखांचं, आयुष्य सात वर्षं धरलं तर दरमहा घसारा सुमारे २६,००० रुपये. सरासरी व्याज ९,०००. गाळ्याच्या भाड्यातला वाटा १२,०००. दुरुस्ती आणि विमा ५,०००. म्हणजे मशीन चालो न चालो, महिन्याला ५२,००० रुपये जाणारच. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात गुरुवारची सुट्टी धरून २६ दिवस, आठ-आठ तासांच्या दोन पाळ्या म्हणजे ४१६ तास. खोळंबे वजा जाता ३५० तास हातात राहतात. तेवढे भरले तर तासाला १५० रुपये स्थिर खर्च पडतो. काम २०० तासांचंच असेल तर तोच खर्च २६० होतो. यात ऑपरेटर ११०, वीज ६०, इन्सर्ट (कापणारी पाती) आणि कूलंट ५५, असा २२५ रुपयांचा चालता खर्च मिळवा. म्हणजे २०० तासांवर तुमचा तास ४८५ रुपयांना पडतो आणि ३५० तासांवर ३७५ ला.

आता बाजारात दर ५०० आहे आणि शेजारचा म्हणतो, ६० तासांचं काम देतो, ४०० ला करा. ४८५ च्या हिशेबाने हा तोटा वाटतो, आणि नेमकं इथेच पुष्कळ जण नाही म्हणतात. पण ते ५२,००० तर जाणारच आहेत. या कामावर नवा खर्च फक्त २२५ चा. तासाला १७५ रुपये सुटतात, ६० तासांचे १०,५०० रुपये, जे एरवी आलेच नसते. काम देणाऱ्याला तासाला १०० प्रमाणे ६,००० राहतात. त्यातून त्याला टेम्पो, तपासणी आणि रिजेक्शनची जोखीम काढायची आहे, शिवाय गिऱ्हाईक सांभाळल्याचं त्याला काही मिळालं पाहिजे. म्हणून बाजारदर आणि आपसातला दर यांतला फरक बाजारदराच्या १५ टक्क्यांहून खाली गेला की देणाऱ्याला त्यात रस उरत नाही, आणि २५ टक्क्यांवर गेला की घेणारा ते काम मागे टाकू लागतो. हा आमचा ठोकताळा आहे. व्यवसायानुसार थोडं पुढे-मागे होईल.

एक सावधगिरी. या कमी दराची सवय लागू देऊ नका. मशीनचे ३५० तास असल्या कामानेच भरले तर ५२,००० निघतात खरे, पण नवं मशीन घेण्याइतकं काही शिल्लक राहत नाही. शेजाऱ्याचं काम महिन्याच्या तासांच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त होऊ नये.

कोणाबरोबर

सहसा सगळ्यात जवळचा प्रतिस्पर्धी निवडला जातो, आणि तिथेच चुकतं. यंत्र सारखं पण गिऱ्हाईक वेगळं, किंवा गिऱ्हाईक एकच पण कामाचं माप वेगळं, अशी जोडी टिकते. १६० मिलिमीटर चकवाला (चक म्हणजे मशीनवर नग पकडणारा भाग) आणि ३०० मिलिमीटर चकवाला एकाच कंपनीचं काम करत असले तरी एकमेकांच्या पायावर पाय देत नाहीत. छपाईतही तेच. सदाशिव-नारायण पेठेतला लग्नपत्रिका करणारा आणि दिवाळीनंतर कॅलेंडर-डायऱ्यांत बुडालेला प्रेसवाला, दोघांची घाई वेगवेगळ्या महिन्यांत येते.

हंगाम एकच असेल तर मात्र क्षमता वाटून घेण्याचा नाद सोडा. फराळ करणाऱ्या सगळ्यांना दिवाळीच्या आधीचे तेच पंधरा दिवस कमी पडतात. केटरर्सच्या लग्नतिथीही त्याच असतात, त्या दिवशी कोणाचीच कढई रिकामी नसते. अशा धंद्यांत खरेदी, वाहतूक आणि साठवण वाटून घेता येते. काम वाटून घेता येत नाही.

माणूस पारखायची जागा म्हणजे दोघांचा सामायिक पुरवठादार. प्लेटिंगवाला, हीट ट्रीटमेंटवाला, कागदाचा व्यापारी, मार्केट यार्डातला भुसारवाला. समोरचा आपली देणी किती दिवसांत देतो हे त्याला विचारा. गिऱ्हाइकांशी गोड असणारे पुष्कळ असतात. पुरवठादाराचे पैसे वेळेवर देणारा माणूस तुमचेही देईल. जीएसटीच्या पोर्टलवर त्याचा क्रमांक टाकला की त्याने रिटर्न वेळेवर भरली आहेत का हेही दिसतं. त्याला लॉगिन लागत नाही, दोन मिनिटं लागतात. रिटर्न अडकलेल्या माणसाकडून काम करून घेतलंत तर तुमचं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) अडकतं.

पहिलं बोलणं

पहिल्या भेटीत भागीदारी, ग्रुप, क्लस्टर हे शब्द काढू नका. एक लहान, तारखेचं, मोजता येईल असं काम पुढे ठेवा. निरोप असा असावा:

"नमस्कार दादा. आमचं १६० चकचं टर्निंग १५ तारखेपासून पाच दिवस मोकळं आहे. तुमच्याकडे ५० व्यासाच्या आतलं, ईएन ८ मधलं काही तुंबलं असेल तर सांगा. मटेरियल तुमचं, पहिला नग तुम्ही पास केल्यावरच पुढे चालवू. पैसे बिलापासून ३० दिवसांत."

यात माप, माल (ईएन ८ हा पोलादाचा प्रकार), तारीख, तपासणी आणि पैसे, पाचही गोष्टी आल्या. "काही असेल तर सांगा" असा मोघम निरोप पाठवला की उत्तर येतं, "हो हो, नक्की," आणि विषय तिथेच संपतो.

पहिली तीन कामं प्रत्येकी २५,००० रुपयांच्या आतली ठेवा. तिन्हींत माल, तारीख आणि पैसे वेळेवर आले तरच पुढे जा. एकदा चुकलं तर बोलून घ्या. दोनदा चुकलं तर तिसरं देऊ नका, चहा मात्र चालू ठेवा.

एकत्र खरेदी: सोपी वाटते, पण इथेच जास्त बिघडतं

सुरुवातीला बहुतेकांना खरेदी सुचते, कारण त्यात गिऱ्हाइकाचा प्रश्न येत नाही. दिवाळीच्या फराळाचं उदाहरण घेऊ. कोथरूड आणि सिंहगड रोडवरचे पाच घरगुती उद्योग, प्रत्येकाला ६० किलो हरभरा डाळ. एकत्र ३०० किलो. मार्केट यार्डात किलोमागे चार रुपये सुटले तर १,२०० रुपये वाचले. पाच टेम्पोंचे प्रत्येकी ७०० म्हणजे ३,५०० होणार होते. पाच ठिकाणी थांबणारा एकच टेम्पो १,५०० त आला तर तिथे २,००० वाचले. बचत भावापेक्षा भाड्यात जास्त आहे. म्हणून भावासाठी घासाघीस करण्याआधी सगळ्यांची मागणी एका दिवसावर आणा. बरेच गट उलटं करतात, आणि शेवटी प्रत्येक जण आपापल्या रिक्षाने पोतं आणतो.

क्रम असा ठेवावा. दिवाळीच्या पाच आठवडे आधी मागणी लिहून घ्यायची. बेसनाऐवजी डाळच घ्यायची, कारण दळलेलं पीठ दमट हवेत लवकर जाळी धरतं आणि प्रत्येकाला दळण वेगळं लागतं: लाडवाला रवाळ, शेवेला बारीक. एक किलोचा नमुना आणून प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने एक घाणा करून पाहायचा. चिवड्याच्या पातळ पोह्यांना तर हे फारच गरजेचं. एकाच्या हाती कुरकुरीत होणारा पोहा दुसऱ्याच्या मंद आचेवर आक्रसतो, आणि मग तीस किलो पोह्यांवरून वर्षभर बोलणं बंद होतं. नमुना पास झाला की प्रत्येकाने आपल्या वाट्याचे पूर्ण पैसे आगाऊ द्यायचे. निम्मे आगाऊ घेतले की टेम्पो दारात आल्यावर कोणीतरी "मला एवढं नको आता" म्हणतंच.

व्यापाऱ्याकडून बिलं पाच वेगळी घ्या, ज्याची-त्याची आपल्या नावाची. एकाच्या नावावर सगळं घेऊन नंतर वाटलं तर ती कागदोपत्री पुनर्विक्री ठरते. त्याला पुढची बिलं करावी लागतात आणि चोख माणूस वैतागून बाहेर पडतो. वजन उतरवतानाच करा. साठवण एकाकडे असेल तर पोत्यांवर नावं आणि तारीख लिहा, पोती जमिनीवर न ठेवता फळीवर आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवा.

एकाने दुसऱ्यासाठी पदार्थ करून देणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे पाकिटावर प्रत्यक्ष करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा क्रमांक यायला हवा. चकल्या एकीने केल्या आणि लेबलावर फक्त दुसरीचं नाव, असं चालत नाही.

छपाईवाल्यांसाठी एवढंच: '२३ × ३६, ७० जीएसएम मॅपलिथो' एवढ्यावर कागदाची ऑर्डर देऊ नका. मिलचं नाव, शुभ्रता आणि तंतूंची दिशा लिहा. दोन मिलचा कागद एकाच पुस्तकात गेला तर कडेने पट्टे दिसतात.

जास्तीचं काम शेजाऱ्याकडे देणं

पहिला प्रश्न: तुमच्या गिऱ्हाइकाला हे चालतं का? वाहन उद्योगातल्या कंपन्यांच्या पर्चेस ऑर्डरमध्ये बहुधा अट असते की माल दुसरीकडे बनवायचा तर आधी मंजुरी घ्या. न सांगता दिलं आणि उघडकीला आलं तर एक लॉट नाही, सगळं खातं जातं. मंजुरी मागायला लाजू नये. वेळेवर माल मिळत असेल तर खरेदीवाला बहुतेकदा शेजाऱ्याची शेड एकदा पाहून हो म्हणतो.

माल पाठवताना जॉबवर्कचं (दुसऱ्याच्या मालावर मजुरीने केलेल्या कामाचं) डिलिव्हरी चलन करा. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार कच्चा माल एका वर्षात आणि भांडवली वस्तू तीन वर्षांत परत यायला हव्यात. साचे, डाय, जिग आणि फिक्स्चर यांना ती तीन वर्षांची मुदत लागू नाही, पण चलन त्यांचंही करा, कारण वाद नेमका त्यांच्यावरूनच होतो. उलाढाल पाच कोटींपर्यंत असेल तर आयटीसी-०४ हे जॉबवर्कच्या मालाचं विवरणपत्र वर्षातून एकदा, त्याहून जास्त असेल तर सहा महिन्यांनी.

आता सगळ्यात नाजूक भाग, मापं. तुमच्या मायक्रोमीटरवर २५.०१ मिलिमीटर दाखवणारा नग त्याच्याकडे २५.०२ दाखवतो. दोन्ही उपकरणं कॅलिब्रेट केलेली, दोघंही प्रामाणिक. टॉलरन्स (मापात चालणारी कमी-जास्त) ±०.०२ असेल तर या शंभराव्या भागात एका बाजूची निम्मी मुभा संपली. म्हणून काम सुरू होण्याआधी पाच नग घ्या, त्यांवर मार्करने १ ते ५ लिहा आणि कुठे मोजायचं त्या जागेवर रेघ मारा. आधी तुमच्याकडे मोजा, मग त्याच्याकडे, एकमेकांचे आकडे न पाहता. फरक एकूण टॉलरन्सच्या दहाव्या भागाहून जास्त आला, म्हणजे इथे ०.००४ च्या वर, तर दोन्ही उपकरणं एकाच स्लिप गेजवर (अचूक मापाच्या ठोकळ्यावर) लावून शून्य जुळवा. नग मशीनवरून काढल्या-काढल्या मोजू नका. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये गरम नग आणि संध्याकाळी गार झालेला नग यांच्यातच एवढा फरक पडतो. भोकांसाठी आपला प्लग गेज (भोकाचं माप तपासायची दांडी) बरोबर द्या, चलनावर त्याचा क्रमांक लिहा आणि दोन्हीकडे तोच वापरा. हे पाऊण तासाचं काम आहे. ते न केल्यामुळे टेम्पोभर माल परत गेलेला असतो आणि दोघंही स्वतःला बरोबर समजत असतात.

ड्रॉइंगवर रिव्हिजन क्रमांक मोठ्या अक्षरात हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली जुनी पीडीएफ फोनमध्ये राहते आणि तीन महिन्यांनी ऑपरेटर तीच उघडतो. नवी रिव्हिजन आली की जुनी छापील प्रत परत मागवून फाडा.

रिजेक्शनचं असं ठरवा: सेटिंगचे (मशीन लावताना वाया जाणारे) नग आधीच आकड्यात मान्य, समजा लॉटमागे तीन. त्यापुढे मशिनिंगच्या चुकीने गेलेल्या नगाचा कच्चा माल करणाऱ्याने द्यायचा आणि मजुरी मिळणार नाही. मालातच भेग किंवा कठीण ठिपका निघाला तर कच्चा माल देणाऱ्याचा आणि तोवर झालेल्या कामाची मजुरी द्यायची. स्क्रॅप कोणाचं हेही लिहा. पितळेत ही रक्कम लहान नसते. आणि पावसाळ्यात गंजरोधक तेल कोण लावणार हे ठरवा, कारण छोटा हत्ती टेम्पो ताडपत्रीविना आला तर भोसरी ते चिंचवड एवढ्या अंतरातही घासलेल्या पृष्ठभागावर तांबूस ठिपके येतात.

दोन पानांचा कागद

मोठा करार नको. दोन पानं, दोघांच्या सह्या, स्टॅम्प पेपरवर केलेलं बरं. त्यात हे असावं: काम कोणाच्या गिऱ्हाइकाचं आहे, त्या कामासाठी दुसऱ्याने परस्पर संपर्क करायचा नाही, आणि गिऱ्हाइकाने स्वतःहून फोन केला तर त्याच दिवशी कळवायचं, ड्रॉइंग, गेज आणि साचे कोणाचे, पैशांची मुदत, रिजेक्शनचा नियम, बाहेर पडायला ३० दिवसांची सूचना, आणि वाद झाला तर ज्याचं ऐकायचं त्या माणसाचं नाव.

'तू माझ्या कोणत्याच गिऱ्हाइकाकडे कधीच जायचं नाहीस' अशी सरसकट अट लिहू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ खाली धंदा करण्यावर बंदी घालणारा करार निरर्थक ठरतो. गुप्ततेची आणि ठरावीक कामापुरती मर्यादित अट जास्त टिकाऊ असते.

पैशांसाठी एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायदा, २००६ वापरा. लेखी मुदत नसेल तर १५ दिवस, असेल तरी जास्तीत जास्त ४५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात धरता येत नाही. दोघांचीही उद्यम नोंदणी (या कायद्याखालची सरकारी नोंदणी) असावी आणि बिलावर तिचा क्रमांक छापलेला असावा. शेजाऱ्यावर कायद्याचा बडगा उगारावा असं कोणालाच वाटत नाही, पण मुदत कायद्याने ठरलेली आहे म्हटलं की मागणारा ओशाळत नाही.

तिसरा माणूस ठरवताना त्याला त्या धंद्यात काही मिळवायचं नसावं. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा लोणीच्या ऊस उत्पादकांनी पहिले अध्यक्ष म्हणून पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले धनंजयराव गाडगीळ यांना आणलं. विठ्ठलराव विखे पाटलांसारखा खमका माणूस गावातच होता, तरीही. आपल्या प्रमाणात दोघांचा सामायिक सीए किंवा निवृत्त प्रॉडक्शन मॅनेजर चालतो.

जे बोलायचंच नाही

विक्रीचा दर. "सगळ्यांनी मिळून तासाला ५० रुपये वाढवू" हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कितीही साधं वाटलं तरी स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ खाली ते कार्टेल म्हणजे संगनमत ठरतं. कोणी कोणता भाग सांभाळायचा, कोणी किती माल काढायचा, टेंडरला कोणी जास्त भरायचं, हेही त्यातच येतं. दंड प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, जे जास्त असेल ते. लहान आहोत म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका. टेंडरने परवानगी दिली असेल तर उघडपणे संयुक्त निविदा भरता येते. चोरून वाटून घेता येत नाही. एकत्र खरेदी, एकमेकांना दिलेलं जॉबवर्क आणि त्याचा आपसातला दर हा साधा व्यवहार आहे, त्याची भीती नको.

आणखी एक. "एकमेकांची माणसं घ्यायची नाहीत" आणि "ऑपरेटरला अमक्यापेक्षा जास्त द्यायचं नाही" असं ठरवू नका. त्यात मालकांची सोय आणि कामगाराच्या पोटावर पाय आहे. माणूस सोडून जात असेल तर आपल्या शेडमध्ये काय कमी पडतंय ते पाहावं.

एकमेकांकडून शिकणं

सहकार्याचा सगळ्यात मोठा फायदा पैशात दिसत नाही आणि म्हणून राहून जातो. वीस वर्षं एकाच प्रकारचं काम करणाऱ्या दोन शेड्समध्ये एकच अडचण दोन तऱ्हांनी सुटलेली असते. ती पाहायला बोलवा, पण रीतसर. दीड तास, चार-पाच जण, एकच विषय. यजमानाने गिऱ्हाइकांची ड्रॉइंग आणि नग आधी आत ठेवायचे, पाहुण्यांनी फोटो काढायचे नाहीत, मात्र ऑपरेटरला बरोबर आणायचं. मालक यंत्र बघतो, ऑपरेटर हात बघतो.

पहिला विषय सेटिंगचा वेळ घ्या. जुन्या कामाच्या शेवटच्या चांगल्या नगापासून नव्या कामाच्या पहिल्या चांगल्या नगापर्यंत घड्याळ लावा. मग पाहा: मशीन बंद असताना केलेली कोणती कामं ते चालू असताना करता आली असती? जॉ शोधणं, इन्सर्ट आणणं, प्रोग्रॅम भरणं, गेज मागवणं. दीड तासाच्या सेटिंगमधली पंचवीस-तीस मिनिटं या शोधाशोधीतच गेलेली निघतात.

दुसरा विषय कॉम्प्रेसरची गळती. हा गुरुवारी करायचा, सगळी मशीनं बंद आणि एमआयडीसी शांत असताना. हवा कुठेही वापरात नसताना कॉम्प्रेसर चालू करा. तो किती सेकंद भरतो आणि किती सेकंद थांबतो ते पाच वेळा लिहा. भरण्याचा वेळ भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले शंभर: तेवढे टक्के हवा गळते. ३० सेकंद भरला आणि ९० सेकंद थांबला तर २५ टक्के. १० च्या खाली आणायची. साबणाचं पाणी घेऊन सांधे तपासा. क्विक कपलिंग आणि एअर गनच्या नळीपाशी बहुतेक वेळा फुगे दिसतात. पाच शेड्सनी आपापले आकडे शेजारी-शेजारी मांडले की ३५ वाला पुढच्या गुरुवारी आपणहून नळ्या बदलतो. एकट्याने मोजलं असतं तर कोणाला लाज वाटली नसती.

कोणाच्या शेडमध्ये जायला संकोच असेल तर तटस्थ जागा आहेत. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या मराठा चेंबर या उद्योजकांच्या संस्थेचे कार्यक्रम असतात, आणि चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये तपासणीच्या सोयी आहेत. सीएमएम (नगाची मापं घेणारं यंत्र) घेण्याइतकं काम नसणाऱ्या पाच जणांनी एका दिवशी सगळे नग नेले तर फेरी एकच पडते.

गट वाढला तर

वर्षभर व्यवहार सुरळीत गेल्यावरच संस्थेचा विचार करा. दोघांना एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) पुरते. सहकारी संस्थेला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा सभासद लागतात. सामायिक सुविधा केंद्रासाठी केंद्र सरकारची सूक्ष्म-लघु उद्योग समूह विकास योजना अनुदान देते, पण सभासदांना आपला हिस्सा घालावा लागतो आणि मंजुरीला वेळ लागतो. अनुदान दिसलं म्हणून जमलेले गट यंत्र आल्यावर ते कोणाच्या शेडजवळ ठेवायचं यावरून फुटतात. ज्यांनी आधी एकमेकांचे प्लग गेज वेळेवर परत केले आहेत, त्यांच्यात हे कमी होतं.

दर तिमाहीला, आणि थांबताना

तीन महिन्यांतून एकदा तासभर बसा. टेबलावर तीन आकडे हवेत: कोणी कोणाला किती रुपयांचं काम दिलं, त्यातलं किती वेळेवर आलं, किती रिजेक्ट झालं. दोन बाजूंच्या रकमा समान नसल्या तरी चालतं, पण एकच बाजू सलग दोन तिमाह्या देत असेल तर कारण बोला. काही वेळा कारण साधं असतं, त्याच्याकडे कामच कमी आहे. काही वेळा तुमचा माल उशिरा जात असतो आणि तो भिडेखातर सांगत नाही.

थांबायचं ठरलं तर उरलेला माल, गेज, साचे आणि ड्रॉइंग एकाच चलनावर परत करा, जीएसटीची खाती जुळवा आणि शेवटचं बिल मुदतीआधी द्या. गिऱ्हाइकाला मंजुरीच्या वेळी शेजाऱ्याचं नाव दिलं असेल तर बदल लेखी कळवा. सोमवारी सकाळी प्लेटिंगवाल्याच्या दारात दोघांचे क्रेट पुन्हा शेजारी-शेजारीच उतरणार आहेत.